बॉण्डला भामरागड मिळालंय, जाऊ का? (बायको डेंटिस्ट)

नवखा_एमओ:
सरकारी कॉलेजातून एमबीबीएस, त्यामुळे एक वर्षाचा बॉण्ड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा. गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यातली पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) आलीय. घरचे म्हणतात, दहा लाख दंड भरू, पण जाऊ नकोस. मला जायचंय. बायको बीडीएस आहे, तिनं तिथं काय करायचं? कुणी राहून आलंय का?

एटापल्ली_रिटर्न:
शेजारच्या तालुक्यात दोन वर्षं काढली. जा, पण रुजू व्हायच्या आधी क्वार्टर डोळ्यांनी बघून या. माझं कागदावर 'दुरुस्त' होतं. पहिल्याच पावसात खाटेवर पातेली मांडली. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, म्हणून एएसव्ही (सर्पदंशावरचं औषध), मलेरियाच्या किट आणि घरचा तांदूळ जूनच्या आत भरून ठेवा. मण्यार चावल्याची खूण बहुतेकदा दिसतच नाही. पेशंट पहाटे पोट दुखतंय म्हणून येतो. आधी पापण्या जडावल्यात का ते बघा. आणि जुन्या सिस्टरशी वाकडं घेऊ नका, इथली माडिया भाषा तिलाच येते.

पीजी प्रवेशात दुर्गम भागातल्या सेवेसाठी मिळणाऱ्या प्रोत्साहन गुणांचं (वर्षाला 10 टक्के, कमाल 30) सगळे सांगतील. ते बॉण्डवाल्यांना धरतात का, हे लेखी विचारा.

दातकोरणं:
वहिनींसाठी लिहितेय. मी ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी डेंटिस्ट होते. पीएचसीत दातांच्या डॉक्टरचं पद नसतं, त्यामुळे तिथं वाट बघू नका, ग्रामीण रुग्णालयात विचारा. काम मात्र ढीगभर. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण! सतरा वर्षांचा पोरगा, तोंडात दोन बोटं जाईनात, आणि आई म्हणते, 'तिखट लागतं म्हणून जेवत नाही.' खुर्ची बंद पडली की दुरुस्तीला महिने लागायचे. मग मी टॉर्च घेऊन आश्रमशाळांत जायचे. खरं काम तिथंच झालं.

जुनं_खोड:
भाषणात भामरागडजवळचं हेमलकसा आणतातच. 1973 साली डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे तिथं आदिवासींची सेवा करायला गेले ते मोठंच, पण प्रत्येक मेडिकल ऑफिसरनं आमटे व्हावं अशी अट घातलीत तर कुणी फिरकणार नाही. वर्षभर ओपीडीला जागेवर सापडलात तरी पुष्कळ. भत्त्यापेक्षा सोबत दुसरा डॉक्टर मागा. चोवीस तास एकट्यानं ओढणारा सहा महिन्यांत पळतो, तो आळशी नसतो.

नवखा_एमओ:
रविवारी क्वार्टर बघायला निघतोय, दोघंही. बायको विचारतेय, इन्व्हर्टर तिकडे घ्यायचा की इथून न्यायचा?

एटापल्ली_रिटर्न:
इथून. बॅटरीचं पाणीसुद्धा.