'नाइट ऑफ द ईगल' खरंच विसरण्याच्या लायकीचा आहे का?

रिळवाला
काल इथे एकाने लिहिलं: "१९६२चा 'नाइट ऑफ द ईगल' ब्लू-रेवर पाहिला. दीड तास बायकोचे गंडेदोरे आणि शेवटी एक पाळीव गरुड. लोक विसरले ते बरंच झालं." वाचून डोकं फिरलं, म्हणून हे लांबण.

सिनेमा सुरू होतो तो प्राध्यापक नॉर्मनच्या वर्गात. फळ्यावर 'आय डू नॉट बिलीव्ह'. शेवटी गरुड अंगावर येतो तेव्हा हाच माणूस त्याच फळ्याला पाठ घासत सरकतो आणि 'नॉट' पुसला जातो. नॉर्मन झालेला पीटर विनगार्ड तेव्हा काय घामाघूम दिसतो! संवाद एक नाही. असा शेवट सुचायला मॅथेसन आणि बोमाँटसारखे लेखक लागतात.

आणि पत्त्यांचा डाव आटपून पाहुणे गेल्यावरचा प्रसंग? नॉर्मनची बायको टॅन्सी सगळं घर उपसते, काय शोधतेय ते आपल्याला माहीत नाही, आणि दिव्याच्या झालरीला लटकवलेली इवलीशी बाहुली सापडते. जुन्या कॅसेटच्या काजळीत हे काही कळायचं नाही. डिस्कवर झालरीची सावली दिसते. त्यासाठीच डिस्क घ्यायची असते, महाराज.

दोनओळ्या
तो 'एकाने' मीच. झालर बघायला मी पैसे मोजायचे? पडदे शिवायला टाकले होते तेव्हा फुकट पाहिली.

बरं, मुद्द्याचं बोलू. बुद्धिवादी माणूस शेवटी तोंडघशी पडतो आणि तुम्ही टाळ्या पिटता. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केलेल्या राज्यात राहता ना?

प्लेअर_सी
मधेच विचारतो. ब्लू-रे ज्या रीजनची, त्याच रीजनच्या प्लेअरवर चालते. याच सिनेमाची अमेरिकन डिस्क 'बर्न, विच, बर्न' नावाची, ती रीजन ए. ब्रिटिश डिस्क म्हणजे बी. आपल्या गळ्यात सी. मागे एक ब्रिटिश डिस्क मागवली, कस्टमला पैसे भरले, प्लेअरने तोंडावर सांगितलं, चालणार नाही. आता तिच्यावर चहाचा कप ठेवतो. हा सिनेमा भारतात बघायचा कसा, कुणी सांगेल?

हळदीचं_बोट
कायदा राहू दे बाजूला. त्या घरात नॉर्मनने काय केलं ते कुणीच बोलत नाहीये. तिने नवऱ्याच्या काळजीपोटी जमवलेलं सगळं त्याने तिच्यासमोर जाळायला लावलं. मग ट्रकखाली येता येता वाचला, विद्यार्थिनीने नको तो आळ घेतला, तिचा मित्र पिस्तूल घेऊन उभा. तरी साहेबांचं व्याख्यान चालूच.

आमच्या घरी हेच झालं. मी हॉस्टेलवर निघाले तेव्हा आईने बॅगेच्या अस्तरात काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा शिवला होता. बाबांना सापडला. पट्टीने उसवून गटारात टाकला आणि वर अर्धा तास भाषण. आई काही बोलली नाही, दोन दिवस नीट जेवली नाही. बाबांचं बरोबर होतं, मला बिब्ब्याने काय होणार होतं? पण अस्तराचे टाके परत कुणी घातले? तिनेच.

दोनओळ्या
व्वा, गटारातल्या बिब्ब्यासाठी रडा. माझ्या आत्याला कावीळ झाली तेव्हा घरच्यांनी बारा दिवस मांत्रिकाकडे फेऱ्या मारल्या. दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टरने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. 'काळजीपोटी'च केलं होतं सगळ्यांनी. तो शब्द माझ्यासमोर वापरू नका.

हळदीचं_बोट
आत्याचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण माझ्या आईला त्या मांत्रिकाच्या रांगेत उभं करू नका. तिने मला डॉक्टरकडे न्यायला कधी उशीर केला नाही.

दोनओळ्या
सुरुवात बिब्ब्यापासूनच होते.

हळदीचं_बोट
आणि तुमची सुरुवात बायकांना भाषण देण्यापासून होते. माझे बाबाच लिहितायत की काय इथे?

रिळवाला
अहो, धागा सिनेमाचा आहे! जरा पुढे बघा, नॉर्मनच्या सहकाऱ्याची बायको फ्लोरा काय करते? मंत्र टेपवर भरते आणि भोंग्यावर लावते. नवऱ्याने टेप बंद केला की गरुड नाहीसा. मग ती जादू, संमोहन, की नॉर्मनच्या मनाचे खेळ? सिनेमा बराच वेळ हात वर करून बसतो. खोलात जायचं तर फ्रिट्झ लायबरची 'कॉन्ज्युअर वाइफ' वाचा. १९४३ची कादंबरी, अमेरिकन कॉलेजातली, सिनेमाने ती इंग्लंडात नेली.

आणि जाहिरातबाजी बघा: अमेरिकन प्रतीत आधी काळ्या पडद्यावर पॉल फ्रीसच्या आवाजात संरक्षक मंत्र, आणि प्रेक्षकांच्या हातात मिठाची पुडी.

हळदीचं_बोट
मिठाची पुडी! मोहरी राहिली की.

दोनओळ्या
'हात वर करून' म्हणे. शेवटी दगडी गरुड कुणाच्या डोक्यावर पडतो? त्याचं संमोहन कुणी केलं?

रिळवाला
तिथे मात्र माती खाल्ली आहे. तो एक शॉट कापला असता तर तुमच्याशी भांडावं लागलं नसतं.

दोनओळ्या
हुश्श. एवढं मान्य केलंत हेच पुष्कळ. मीही फळ्याचा प्रसंग काल रात्री परत लावला. बरा आहे. बरा म्हणतोय, थोर नाही. कोटाला खडू लागतो ते पहिल्यांदा बघताना निसटलं होतं. गरुड अजूनही कोंबडाच.

आणि बोटताई, तुमच्या आईंना उद्देशून नव्हतं ते.

हळदीचं_बोट
होतं. पण चालेल.

प्लेअर_सी
दोनओळ्या, 'परत लावला' म्हणजे कुठल्या प्लेअरवर?