मदत हवी आहे: फोंड्यात लग्नाचं उरलेलं जेवण रात्री कोण नेईल?

मंडळी, येत्या रविवारी फोंड्याला भावाचं लग्न आहे, ४०० पानं, सगळं शाकाहारी. गेल्या वर्षी साखरपुड्याला दोन मोठे टोप भात उरला होता, झाकण काढलं तर अजून वाफ येत होती आणि तो आम्ही खड्ड्यात ओतला, ते अजून मनातून जात नाही.

यावेळी आधीच दोन संस्थांना फोन केले. एक फक्त पणजीत काम करते, दुसरी म्हणते संध्याकाळी सातनंतर गाडी नाही, आणि आमची शेवटची पंगत साडेनऊला उठणार. 'उरलेलं जेवण न्यायला १०९८ ला फोन करा' हा फॉरवर्ड कृपया पाठवू नका, ती मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, जेवण न्यायला ते येत नाहीत.

सोलकढी आणि मणगणं नारळाच्या रसाचं, ते मे महिन्यात टिकणार नाही म्हणून देणारच नाही. वरण, भात, खतखतं, पुऱ्या तेवढं देऊ, पानात वाढलेलं काही नाही, वाढप्यांना वेगळे टोप आधीच सांगितलेत. डबे आमचे, पिकअपही आहे, मडगावपर्यंत आम्हीच आणून देऊ.

फोंडा ते मडगाव पट्ट्यात रात्री दहाच्या सुमारास शिजवलेलं जेवण घेऊन लगेच वाढणारा आश्रम किंवा ग्रुप कुणाला स्वतःच्या अनुभवातून माहीत आहे का, आणि त्यांना किती दिवस आधी कळवावं लागतं?