शाखांचे टर्मिनल आणि मुख्य कार्यालयाचा सर्व्हर : पैसे लाइनवर घालायचे की शाखेत पुन्हा सर्व्हर बसवायचा?

खाडीपलीकडचा (धागाकर्ता)

आमची पतसंस्था रत्नागिरी जिल्ह्यातली. ९ शाखा, मुख्य कार्यालयात एक सर्व्हर, शाखांमध्ये फक्त टर्मिनल (नुसता पडदा आणि कीबोर्ड, हिशोब सगळा सर्व्हरवर). लाइन गेली की काउंटर बंद. मागच्या सभेत एका संचालकांनी विषय काढला, की पूर्वी टीबीएच्या (टोटल ब्रँच ऑटोमेशन, म्हणजे प्रत्येक शाखेचा संगणकी हिशोब त्याच शाखेत) काळात होता तसा प्रत्येक शाखेत छोटा सर्व्हर बसवा आणि संध्याकाळी डेटा मुख्य कार्यालयाला पाठवा.

माझा याला ठाम विरोध आहे. हिशोब एकाच ठिकाणी हवा आणि खर्च करायचा तो लाइनवर. पण शाखेच्या दोन लाइन खरोखर वेगळ्या हव्यात. आम्ही एका शाखेत दोन कंपन्यांचं फायबर घेतलं आणि निर्धास्त झालो. रस्ता रुंदीकरणाला जेसीबी आला, विजेचा एक खांब आडवा झाला आणि दोन्ही लाइन एकदम गेल्या. दोन्ही केबल त्याच खांबावरून आल्या होत्या! बिलं दोन भरत होतो, वाट एकच होती.

आता तिथे एक फायबर आणि एक फोर-जी सिम आहे, सिमचा अँटेना गच्चीवर. सिमवर सहसा सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येईल असा पत्ता) मिळत नाही, त्यामुळे बाहेरून शाखेत शिरता येत नाही. म्हणून शाखेचा राऊटरच मुख्य कार्यालयाकडे व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारी खासगी, बंदिस्त वाट) उघडतो, दोन्ही वाटांनी, आणि दोन्ही कायम चालू ठेवतो. एक पडली की काही सेकंदांत काम दुसरीवर जातं. सगळ्या शाखांत हेच करावं असं मी म्हणतो.

कृष्णाकाठ

तुमच्या दोन्ही वाटा एकाच विजेवर चालतात, हे विसरलात. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा मी शाखाधिकारी होतो. आमच्याकडचं फायबर पाण्याखाली, टॉवरची बॅटरी संपलेली, डिझेल पोचवायला रस्ता नाही. शाखा उंचावर होती, तिजोरीत रोकड होती, जनरेटर होता. आणि दारात माणसं उभी होती, घर सोडून आलेली, दोन-चार हजार मागणारी. स्वतःच्याच खात्यातले! मी त्यांना ‘लाइन नाही’ म्हणून परत पाठवलं. अजून डोळ्यांसमोर येतं ते.

टीबीएच्या काळात हे झालं नसतं. खातं शाखेचं, खतावणी शाखेत, सभासद तोंडओळखीचा. तुमच्याकडे कोकणात तर ३ जून २०२०ला निसर्ग वादळ येऊन गेलंय. वाडीवाडीत किती दिवस वीज नव्हती ते आठवा आणि मग एका सर्व्हरचा आग्रह धरा.

खाडीपलीकडचा

कृष्णाकाठ साहेब, तुमचं दुःख खरं आहे, त्यावर वाद घालणार नाही. पण टीबीएचं दुसरं अंग मी पाहिलंय. सकाळी एका शाखेत २०,००० काढले, दुपारी तालुक्याच्या शाखेत त्याच खात्यातून पुन्हा २०,०००, कारण तिथल्या सर्व्हरला सकाळचं काही कळलंच नव्हतं. वसुलीला आम्ही चार महिने फिरलो.

रेल्वेचं आरक्षण बघा. १९८०च्या दशकाच्या मध्याला दिल्लीपासून ते संगणकावर येऊ लागलं. खिडकीवर नुसता टर्मिनल, बर्थचा हिशोब मध्यवर्ती यंत्रावर. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद अशी पाच केंद्रं झाली आणि एप्रिल १९९९मध्ये ‘कॉन्सर्ट’ प्रणालीने ती पूर्ण जोडली, तेव्हा कुठे कुठल्याही खिडकीवरून कुठलंही तिकीट मिळू लागलं. बर्थ एकच असतो, तो दोन ठिकाणी विकून चालत नाही. खात्यातली शिल्लकही एकच असते.

दोरीवरचा_राऊटर

मी शाखा जोडायचंच काम करतो. लाइन चालू आहे म्हणजे काम चालू आहे, असं धरून वाद चाललाय. ते तितकं सरळ नाही.

एका गिऱ्हाइकाकडे लॉगिन व्हायचं, शिल्लक दिसायची, पण लांबलचक खातेउतारा मागितला की स्क्रीन गोठायची. पिंग (लाइन चालू आहे का याची छोटी चाचणी) उत्तम. तीन आठवडे सगळे सर्व्हरवाल्याला शिव्या देत होते. दोष पाकिटाच्या, म्हणजे लाइनवरून जाणाऱ्या डेटाच्या एका तुकड्याच्या, आकारात होता. पीपीपीओई जोडणीवर (ब्रॉडबँडची लॉगिन करून चालणारी पद्धत) १,४९२ बाइटपर्यंतचं पाकीट जातं, त्यात व्हीपीएनचं वेष्टन चढलं की जागा आणखी कमी. छोटी पाकिटं पार व्हायची, भरलेली मोठी वाटेतच टाकली जायची. राऊटरवर एमएसएस (एका पाकिटात जास्तीत जास्त किती डेटा भरायचा तो आकडा) १,३५०वर आणला आणि उतारा धडाधड आला. दहा मिनिटांचं काम!

दुसरं, टर्मिनल कुठल्या जातीचा ते बघा. व्हीटी१०० पद्धतीत बहुतेक वेळा प्रत्येक अक्षर सर्व्हरकडे जाऊन परत येतं, तेव्हा पडद्यावर उमटतं. आयबीएमच्या ३२७० पद्धतीत अख्खा फॉर्म इथेच भरायचा आणि एंटर दाबल्यावर एकदम पाठवायचा. फायबरवर फरक कळत नाही. व्हीसॅटवर, म्हणजे गच्चीवरच्या छत्रीतून उपग्रहामार्गे जोडणीवर, कळतो. उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर, जाऊन-येऊन अर्धा सेकंद सहज जातो. व्हीसॅट लावलेल्या एका शाखेत कॅशियर नाव टाइप करून हात बांधून बसायचे, अक्षरं मागून एकेक यायची. तरी पुरात जमिनीवरचं सगळं गेलं तर व्हीसॅट हीच तिसरी वाट, शाखेत जनरेटर असेल तर. कृष्णाकाठ साहेबांना माझं उत्तर हे आहे. सर्व्हर नको, एखाद्या मोक्याच्या शाखेत छत्री ठेवा.

शीतल_काउंटर_२

मी कॅशियर आहे. तुम्ही सगळे लाइन जाण्याबद्दल बोलताय. एंटर दाबल्यावर लाइन जाते, त्याचं काय?

५,००० भरणा. एंटर दाबलं, चक्र फिरत राहिलं, मग ‘संपर्क तुटला’. दोन मिनिटांनी लाइन आली. जमा झाले की नाही? समोर म्हातारे आजोबा, मागे रांग. मी पुन्हा टाकले. पहिलेही झाले होते. संध्याकाळी कॅश ५,००० कमी. रात्री साडेआठपर्यंत एकेक स्लिप लावत बसले, तेव्हा सापडलं. त्या दिवशी मला चोर ठरवलं नाही एवढंच.

दादा, तुमच्या दोन लाइनींनी हे थांबत नाही. उलट एकीवरून दुसरीवर जाताना मधल्या त्या काही सेकंदांत हेच होणार.

दोरीवरचा_राऊटर

ताई, अगदी बरोबर. एंटरच्या आधीच व्यवहाराला शाखेतून क्रमांक पडला पाहिजे, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवीन नोंद न करता ‘आधीच जमा’ असं उत्तर द्यायला हवं. मग बिनधास्त दहा वेळा एंटर दाबा. हे सॉफ्टवेअरवाल्याकडून लिहून घ्या, राऊटर यात काही करू शकत नाही.

आणि धागाकर्त्यांनो, लाइन अडली म्हणून कोणी आरडीपीचं (दुरून संगणक चालवायची सोय) ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडून देत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. डेटा कुलूपबंद करून पैसे मागणारे खंडणीवाले रात्रंदिवस तेच शोधत असतात.

कृष्णाकाठ

शीतलताईंचं पटलं, ते टीबीएतही लागलंच असतं. सर्व्हरचा हट्ट मी सोडतो. पण रोज रात्री त्या शाखेच्या खात्यांच्या शिलकांची एक प्रत शाखेत उतरू दे, फक्त वाचायला. दोन्ही लाइन गेल्या तर शाखाधिकाऱ्याच्या सहीने, फक्त त्याच शाखेच्या सभासदाला, २,००० पर्यंत. कागदी स्लिपवर. बाकी काही नाही.

खाडीपलीकडचा

ताई, क्रमांकाचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. सोमवारी सॉफ्टवेअरवाल्यांपुढे सगळ्यात आधी तोच ठेवतो. ते हो म्हणाले की ऐन गर्दीत फायबर स्वतःच्या हाताने उपसून बघणार आहे, काउंटरवर तुमच्यासारखं कोणीतरी बसवून.

साहेब, प्रतीचं मात्र अजून पचत नाही. रक्कम छोटी आहे, मान्य. पण तो लॅपटॉप चोरीला गेला तर अख्ख्या शाखेच्या शिलका बाहेर. आणि आदल्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्या शाखेतून खातं रिकामं करून आलेला माणूस तुमच्यासमोर उभा राहिला आणि रात्रीची प्रत उतरायच्या आतच लाइन गेलेली असली, तर ते २,००० कुणाच्या नावावर टाकायचे? शाखाधिकाऱ्याच्या?

कृष्णाकाठ

माझ्या नावावर टाकले असते तर त्या आठवड्यात मी आनंदाने भरले असते.