देखाव्यातला खान कागदावर लिहायचा की नाही?

रंगपट_खानापूर
परवा ‘कॅमेऱ्यामागे’ यांनी नव्या नट पोरांना बायोडेटाबद्दल सल्ला दिला: पहिलं व्यावसायिक काम मिळेपर्यंत कामाचा रकाना कोरा ठेवा, स्नेहसंमेलन, गणपतीतलं नाटक, शिवजयंतीच्या देखाव्यातला अफजलखान असलं लिहून हसं करून घेऊ नका. खाली सगळ्यांची ‘अगदी बरोबर सर’ची रांग. मला पटलेलं नाही आणि दोन ओळींत सांगून भागणारही नाही, म्हणून हा वेगळा धागा.

कोरा रकाना बघून समोरच्याला एवढंच कळतं की पोराने काही केलेलं नाही. आमच्या तालुक्यात यात्रेला तीन अंकी नाटक उघड्या माळावर होतं. मध्यरात्री सुरू, पहाटे पडदा. माईक मध्येच बंद पडतो, समोर पोरं रडतात, मागे शेंगदाणेवाला ओरडतो, तरी शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा असतो. हे निभावलेल्या पोराने ते लपवायचं कशाला?

चुकतं ते लिहिण्याच्या तऱ्हेत. ‘लहानपणापासून अभिनयाची आवड, अनेक नाटकांत काम.’ अनेक म्हणजे किती वो? त्याऐवजी एका ओळीत नाटकाचं नाव, भूमिका, कुणी बसवलं, कुठे आणि कोणत्या साली. भूमिकेपुढे तिचा आवाका: मुख्य, सहायक की एका प्रवेशापुरती. नुसतं ‘सावकार’ वाचून काही कळत नाही. ‘सावकार, वय पंचावन्नच्या आसपास, तिन्ही अंकांत’ वाचलं की वीस वर्षांच्या पोराने काय पेललंय ते दिसतं. अलीकडचं काम वर, जुनं खाली. सहा-सात ओळींवर जाऊ नका. दहावीच्या आधीचं फार तर एक, तेही पारितोषिक असेल तर. आणि पारितोषिक लिहिताना फेरी लिहा, प्राथमिक की अंतिम. पहिलं की उत्तेजनार्थ तेही लिहा. सहभागाच्या प्रमाणपत्राला पारितोषिक म्हणायची खोड फार वाढलीय.

कॅमेऱ्यामागे
माझं अर्धंच वाक्य उचललंत, सर. मी म्हटलं होतं ‘मालिकेसाठी पाठवताना’.

तिथे कागद कसा बघतात ते सांगतो. आधी फोटो. मग उंची, दिसण्याचं वय, राहण्याचं गाव, भाषा. मग परिचयाचा व्हिडिओ. इतकं जुळलं तरच कुणीतरी खाली कामांवर नजर टाकतं. दिसण्याचं वय म्हणजे जन्मतारखेचं नव्हे, पडद्यावर किती ते कितीपर्यंत खपेल ते. १९ ते २५ अशी सहा-सात वर्षांची पट्टी ठीक. ‘१६ ते ४०’ लिहिलेला कागद बाजूलाच जातो.

आठव्या वर्षी केलेला ध्रुवबाळ बावीस वर्षांच्या पोराबद्दल काय सांगतो? आवाज फुटला, उंची बदलली, चेहरा बदलला. तो काढाच.

आणि देखावा. संवाद आधीच ध्वनिमुद्रित असतात. ट्रॉलीवर उभं राहून कर्ण्यातल्या आवाजावर ओठ हलवायचे आणि हात मोठे करायचे, कारण बघणारा रस्त्याच्या पलीकडे. एका रात्रीत तोच प्रवेश प्रत्येक चौकात. ह्यात दम लागतो, मान्य. पण आवाज दुसऱ्याचा, वेळ कर्ण्याची, समोरच्या नटाचं ऐकण्याचा प्रश्नच नाही. कॅमेऱ्यापुढे पहिल्या दिवशी सांगावं लागतं, भुवया खाली ठेव, मान हलवू नकोस. हा अनुभव लिहून तुम्ही स्वतःच सांगताय की ह्याला आधी मोडावं लागेल.

शहापूरची_वैनी
तुम्ही दोघे रकान्यावर भांडताय, इथे कागदच उघडत नाही. झेरॉक्सच्या दुकानात श्रीलिपीत टाईप करून घेतात आणि तीच फाईल पुढे ढकलतात. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की ‘भूमिका’च्या जागी चौकोन आणि कंस. युनिकोडात टाईप करा, पीडीएफ करा, आणि आधी दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून बघा. एकच पान. फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकला की दाबला जाऊन पुसट होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

शिवाय बायोडेटा म्हटलं की पोरं लग्नाचाच काढतात. रास, नक्षत्र, मामाचं गाव, वडिलांची शेती किती एकर. एकाने ‘रंग: गव्हाळ, निर्व्यसनी’ लिहिलं होतं. खलनायकाच्या भूमिकेसाठी!

टिळकवाडी_कट्टा
खरी अडचण तुम्ही कुणी बोलतच नाही. कामं लिहा नाहीतर खाऊन टाका, ‘राहणार बेळगाव, कर्नाटक’ वाचलं की पहिला प्रश्न येतो: मराठी येतं का? घरात मराठी, शाळा मराठी, नाटक मराठी, तरी हा प्रश्न. मी म्हणतो, कागदावर सरळ ‘सीमाभाग’ लिहा, मातृभाषा मराठी ठळक अक्षरात.

कॅमेऱ्यामागे
‘सीमाभाग’ने काय कळणार? पत्ता कशासाठी बघतात माहीत आहे का? चित्रीकरणाला किती तासांत पोचेल ते कळायला. कोल्हापूरला काम असेल तर निपाणीचं पोरगं सकाळच्या एसटीने येतं, मुंबईला असेल तर राहायची सोय विचारावी लागते. ‘बेळगाव, कोल्हापूर-पुण्यास राहण्याची सोय आहे’ असं लिहा, असेल तरच. १ नोव्हेंबरचा सीमावाद बायोडेटात आणू नका.

आणि मराठी येतं का हा प्रश्न उगाच येत नाही. व्हिडिओत पोरगं म्हणतं ‘मी तीन नाटकं केलो’. ‘केली’ नाही, ‘केलो’. ‘मी ते काम सोडलो’. तिथेच कळतं.

टिळकवाडी_कट्टा
काय कळतं? ‘केलो’ म्हणणारा नट नसतो? साताऱ्याकडची बोली चालते, मालवणी चालते, वऱ्हाडीवर तर अख्खे विनोद उभे राहतात. आमची मात्र अशुद्ध! आम्ही दोन भाषांच्या मध्ये राहतो, कन्नडचं वळण क्रियापदाला लागणारच. ‘नानु माडिदे’मध्ये जो करतो त्याच्याकडे बघून क्रियापद चालतं, तसंच आमचं ‘मी केलो’. व्याकरण मोडलेलं नाही, दुसऱ्या नियमाने चाललंय.

कॅमेऱ्यामागे
अशुद्ध हा शब्द मी वापरला नाही, तुम्ही माझ्या तोंडात घातलात. बोलीला ना नाही. पण लिहिलेलं वाक्य ‘मी सांगितलं’ असताना ‘मी सांगितलो’ येणं ही सवय, आणि हवं तेव्हा दोन्ही येणं हे कसब. नटाला कसब विकायचं असतं. संताप विकून काम मिळत असतं तर आपल्या जिल्ह्यातून घरटी एक नायक निघाला असता.

टिळकवाडी_कट्टा
घ्या! निपाणी सोडून पुण्यात चार वर्षं झाली की ‘आपल्या जिल्ह्यात’ असं लांबून बोलता येतं.

चिकोडीकर
जरा दम धरा की दोघंही. मराठी ठळक करा म्हणताय, पण कन्नड कुठे लिहिताय? बहुतेक पोरांच्या कागदावर ते असतच नाही. लाज वाटते की राजकारण आडवं येतं कोण जाणे. दोन भाषांत अस्खलित संवाद बोलणारा नट ही मोठी जमेची बाजू आहे. फक्त ‘कन्नड येते’ असं मोघम नको. बोलता येतं, वाचता येतं, आणि कन्नड लिपीतलं पान हातात दिलं तर दहा मिनिटांत उभं करता येतं, ह्या तीन वेगळ्या गोष्टी. आमच्याकडची मराठी माध्यमाची पोरं पहिल्या गोष्टीत पास, तिसरीत गचकतात. कर्नाटकातल्या हेग्गोडूच्या नीनासम या नाट्यसंस्थेत वर्षभराचा नाट्य अभ्यासक्रम आहे, शिकवणं सगळं कन्नडात. तिथे जायचं तर लिपी पक्की हवी.

‘पारिजात’ या कन्नड लोकनाट्यात काम केलं असेल तर तेही लिहा. श्रीकृष्ण पारिजात म्हणजे गाणं, अभिनय, आयत्या वेळचा संवाद, सगळं एका माणसाकडून. मराठी कागदावर ‘पारिजात (कन्नड लोकनाट्य), भूमिका: दूती, गायनासह’ असं लिहिलं की काम झालं. मराठी रंगभूमीवर संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि कन्नड रंगभूमीचे एणगी बाळप्पाही याच जिल्ह्यातले. माती एकच आहे वो.

टिळकवाडी_कट्टा
किर्लोस्करांनी कुणाला पीडीएफ पाठवली नव्हती. आणि ‘माती एकच’ हे आम्हाला नका सांगू, सरकारी ऑफिसात मराठी अर्ज घेऊन उभं राहून बघा.

चिकोडीकर
धागा नटाच्या कागदाचा आहे. अर्जाचं भांडण दुसरीकडे काढा, तिथे मीही तुमच्या बाजूने बोलेन.

पडद्यामागे_चहा
माझं एक दुखणं. हल्ली प्रत्येक नटाच्या कागदावर ‘नेपथ्य, प्रकाशयोजना, दिग्दर्शन सहाय्य’ असतं. विचारलं कोणता दिवा कुठे टांगला होता, तर गप्प. खुर्च्या मांडल्या म्हणजे नेपथ्य नव्हे! २०१५ चं नाट्यसंमेलन बेळगावात झालं, त्यात पाण्याच्या बाटल्या वाटलेलेसुद्धा ‘नाट्यसंमेलनात सहभाग’ लिहितात. स्वयंसेवक होता, तर स्वयंसेवक लिहा. खरंच प्रकाश सांभाळला असेल तर अभिनयाच्या रकान्यात न घुसवता खाली ‘इतर’मध्ये एक ओळ.

तीच गत चित्रपटातल्या गर्दीची. लग्नाच्या मांडवात मागे बसलेला ‘चित्रपटात भूमिका’ लिहितो. ऑडिशनला विचारतात, कोणता प्रसंग, किती वाक्यं? तिथे सगळं उघडं पडतं आणि मग बाकीच्या खऱ्या ओळींवरही विश्वास राहत नाही.

कॅमेऱ्यामागे
ह्याला शंभर टक्के अनुमोदन. गर्दीचं काम लिहूच नका. चित्रीकरणाची पद्धत कळली, एवढा फायदा पुष्कळ.

रंगपट_खानापूर
मूळ मुद्द्यावर येऊ. कॅमेऱ्यामागे सर, तुमचा सल्ला पोरांनी शब्दशः घेतला तर नुकसान कुठे होईल ते ऐका. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी तर लागतेच, शिवाय किमान सहा नाटकांत भाग घेतल्याचा पुरावा मागतात. सहा! व्यावसायिक कामाची वाट बघत बसलेला पोरगा सहा कुठून आणणार? तिथे त्याची यात्रेची, गणपतीची, कॉलेजची नाटकंच कामाला येतात. आणि पुरावा म्हणजे काय, तर नाटकाची पत्रिका, त्यात कलाकारांच्या यादीत नाव, वर्तमानपत्राचं कात्रण, प्रमाणपत्र, फोटो.

आमच्याकडे घोळ इथेच होतो. यात्रेच्या नाटकाचं हँडबिल छापतात, त्यावर देणगीदारांची नावं मोठी आणि नटाचं नाव ‘बंड्या’, नाहीतर ‘गावडे बंधू’. ते पुरावा म्हणून कोण धरणार? हँडबिल छापायला जाण्याआधी कागदपत्रांवर आहे तेच पूर्ण नाव, पुढे भूमिका आणि खाली तारीख-वर्ष घालायला लावा. ‘यात्रेनिमित्त शुक्रवारी रात्री’ एवढंच असतं, साल नसतं. दोन प्रती जपा. मंडळाच्या अध्यक्षांकडून त्याच आठवड्यात लेटरहेडवर दाखला घ्या. चार वर्षांनी मंडळ फुटलेलं असतं.

कॅमेऱ्यामागे
नाट्य विद्यालयाच्या अर्जाचं कबूल. तो अर्ज आणि मालिकेला पाठवायचा कागद हे दोन वेगळे कागद आहेत, हे मी परवाच लिहायला हवं होतं. झालं समाधान? अर्जाला सगळं लावा, अगदी पानाला पान जोडून. मालिकेच्या कागदावर तुमच्या त्या सहा-सात ओळींतल्या चार ठेवा. यात्रेचं तीन अंकी एक, कॉलेजची किंवा राज्य नाट्य स्पर्धेची दोन, आणि प्रशिक्षण असेल तर शिबिराचं नाव न सजवता किती दिवसांचं ते. तीन दिवसांच्या शिबिराला ‘अभिनयाचा कोर्स’ म्हणू नका.

शहापूरची_वैनी
व्हिडिओचं राहिलं. फोन आडवा, छातीपासून वर, खिडकी समोर. पाठीमागे खिडकी ठेवतात आणि तोंड काळं येतं. मागे साधी भिंत, कॅलेंडर नको. नाव, उंची, गाव, भाषा, मग डावी बाजू, उजवी बाजू, समोर. मिनिटभरात आटपा. पंखा बंद ठेवा, त्याची घरघर आवाजात येते. उंची भिंतीला पट्टी लावून मोजा, बुटांसकट नव्हे.

टिळकवाडी_कट्टा
आणि भाषेपुढे ‘बेळगावी बोली’ असं लिहायचं की नाही, ते कुणी सांगितलं नाही.

चिकोडीकर
लिहा की. ‘मराठी (प्रमाण आणि बेळगावी बोली), कन्नड, हिंदी.’ आणि व्हिडिओत एक वाक्य प्रमाणात, तेच बोलीत. म्हणजे ‘केलो’ चुकून आला की मुद्दाम, हा प्रश्नच मिटला.

टिळकवाडी_कट्टा
हे मात्र बरं सुचलं तुम्हाला. चिकोडीत राहून.

देसूरचा_खान
मी रोज वाचतोय, बोललो नव्हतो. ज्याच्यावरून एवढं चाललंय तो देखाव्यातला अफजलखान मीच. ठेवू की काढू? उंची सहा फूट एक इंच. मराठी, कन्नड, हिंदी. यात्रेची दोन नाटकं, कॉलेजच्या दोन एकांकिका.

कॅमेऱ्यामागे
चार ओळी आहेत ना? मग खान काढा. उंची लिहिली आहे, तेवढ्यावर खान दिसतो.

रंगपट_खानापूर
काढ, पण त्या रात्रीचा फोटो असेल तर जपून ठेव. आणि एकांकिकांच्या पत्रिका शोध, त्यावर तुझं नाव नीट छापलंय का बघ.

देसूरचा_खान
एकीवर आहे. दुसरीवर ‘आणि इतर’.