केंद्राच्या अधिकारांच्या मर्यादांवरचं पुस्तक स्वतः छापायचं आहे, सल्ला हवा

जुना_लेखापरीक्षक, कोल्हापूर

नमस्कार. सहकार खात्यातून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झालो. केंद्र सरकारचा अधिकार कुठवर चालतो आणि राज्याच्या हद्दीत कुठं थांबतो, यावर मराठीत पुस्तक लिहून झालं आहे. साधारण दोनशे पानं.

मला या विषयात ओढलं ते 97 व्या घटनादुरुस्तीनं. सहकारी संस्था हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्यानं कायदे करायच्या विषयांतला, नोंद 32. तरी 2012 पासून संचालक किती असावेत, मुदत किती, निवडणूक कुणी घ्यायची, हे सगळं घटनेतच घातलं गेलं. त्यापायी आपला 1960 चा सहकार कायदा 2013 मध्ये बदलला आणि गावोगावच्या सोसायट्या पोटनियम दुरुस्त करत बसल्या. ती दप्तरं मी तपासली आहेत. मग 20 जुलै 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की या दुरुस्तीला निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती हवी होती, ती घेतली नाही. तेव्हा हा भाग फक्त बहुराज्य संस्थांना लागू राहील. दूध सोसायटीच्या सचिवाला किंवा कारखान्याच्या सभासदाला हे कुणी त्याच्या भाषेत सांगितलंय? इथं गोकुळ दूध संघ मल्टिस्टेट, म्हणजे बहुराज्य संस्था, करण्यावरून एवढा वाद पेटला, पण मल्टिस्टेट झाल्यावर संस्था राज्याच्या कायद्यातून केंद्राच्या कायद्याखाली जाते, एवढी साधी गोष्टसुद्धा अनेकांना नीट माहीत नव्हती. पुस्तक त्यांच्यासाठी आहे.

पुढची प्रकरणं मळी आणि औद्योगिक अल्कोहोल, जीएसटी परिषद, कृष्णेचं पाणी आणि राष्ट्रपती राजवटीबद्दलचा बोम्मई खटला यांवर आहेत.

एका प्रकाशकांनी वाचून सांगितलं, स्पर्धा परीक्षेची प्रश्नोत्तरं घाला, मग छापू. ते मी करणार नाही. म्हणून स्वतःच छापतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, एकट्या लेखकाला मिळतो का? निकालांतले उतारे घ्यायला कुणाची परवानगी लागते? आणि प्रती किती काढाव्यात?

फर्मा_आणि_शाई, शाहूपुरी

सर, मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करा, लेखकाच्या नावावर मिळतो, फी नाही. ई-बुक काढणार असाल तर त्याला वेगळा नंबर लागतो. मुखपृष्ठ पक्कं करायच्या आधी अर्ज टाका, मलपृष्ठावर बारकोड बसवायचा असतो.

डेमी साइजमध्ये फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा, सोळा पानांचा. म्हणून पुस्तक 192 किंवा 208 पानांवर बसवा. कागद 70 जीएसएम पुरे. बांधणी मात्र शिलाईची घ्या, नुसत्या गोंदाची नको. असं पुस्तक लोक टेबलावर उघडं ठेवून वाचतात, पानं सुटली की संपलं. अक्षरजुळणी युनिकोडमध्येच करून मागा. जुन्या फाँटात केली तर उद्या ई-बुक करताना निम्मी जोडाक्षरं फुटतील.

मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रुफं, वाचताना कलमांचे आकडे दोघांनी मिळून तपासा, एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ घटनेत बघायचं. 246 चं 264 झालं तर वाचकाचा पुस्तकावरचा विश्वास उडतो. पहिल्या खेपेला तीनशे प्रती काढा, फाइल राहतेच. आणि छापल्यावर 30 दिवसांत स्वखर्चानं एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्यात ठरवलेल्या आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची. 1954 चा कायदा आहे, प्रकाशक तुम्हीच असल्यामुळं जबाबदारी तुमची.

सर्किट_बेंचचा_वकील

उताऱ्यांचं सांगतो. न्यायालयानं मनाई केली नसेल तर निकालाचा मजकूर छापायला परवानगी लागत नाही, 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 बघा. पण लॉ रिपोर्टमधली शीर्षटिपणं, म्हणजे निकालाच्या वर दिलेले सारांश, उचलू नका, ती संपादकांची मेहनत आहे. मजकूर न्यायालयाच्या संकेतस्थळावरूनच घ्या.

आता तुमच्या मांडणीबद्दल, कारण हे पुस्तक मला मनापासून हवं आहे. मर्यादा दाखवायच्या तर आधी केंद्राची ताकद पूर्ण दाखवा. कलम 3 घ्या: राज्याच्या सीमा बदलताना विधानसभेचं फक्त मत विचारायचं असतं. 2014 मध्ये आंध्रच्या विधानसभेनं विधेयक फेटाळलं, तरी तेलंगणा झालाच. कलम 249 (राज्यसभेच्या ठरावावर राज्याच्या विषयात संसदेचा कायदा) आणि 253 (आंतरराष्ट्रीय करारांसाठी कायदा) ही घ्या, आणि 1976 च्या 42 व्या दुरुस्तीनं शिक्षण आणि वनं राज्यसूचीतून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या विषयांत, गेली तेही. हे टाळलंत तर एकतर्फी म्हणून पुस्तक बाजूला ठेवतील.

मळीच्या प्रकरणात ऑक्टोबर 2024 चा नऊ न्यायाधीशांचा निकाल असेलच. औद्योगिक अल्कोहोल राज्यांच्या अखत्यारीत, 8 विरुद्ध 1. त्यातल्या एकट्या विरोधी न्या. नागरत्ना. त्यांचं म्हणणं दोन ओळींत उरकू नका, पाच पानं द्या. दुसरी बाजू भक्कम मांडली की तुमचीही भक्कम होते. बोम्मईचा 1994 चा निकाल मात्र आटोपशीर ठेवा, त्यावर मराठीत पुष्कळ लिहून झालंय. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून इथं तरुण वकील वाढलेत, त्यांना मी स्वतः पुस्तक देईन.

शिरोळची_शिक्षिका

काका, कृष्णेचं प्रकरण शेवटी ठेवलंय का? ते पुढं आणा. 2019 च्या पुरात आमची शाळा पाण्यात होती. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची 524.256 मीटर करण्यावर आमच्याकडं रोज चर्चा होते, पण अडवणार कोण, राज्य, केंद्र की कोर्ट, यावर चार माणसांची चार उत्तरं. हे स्पष्ट लिहा.

जुना_लेखापरीक्षक, कोल्हापूर

सगळ्यांचे आभार. 208 पानं, शिलाई, तीनशे प्रती, ठरलं. वाढलेल्या पानांत कलम 3 आणि 249 चं प्रकरण जाईल, न्या. नागरत्नांचं मतही सविस्तर घेतो.

बाई, थोडक्यात असं आहे: पाणी राज्याचा विषय, नोंद 17, पण आंतरराज्य नद्यांसाठी संघसूचीतली, म्हणजे केंद्राच्या विषयांतली, नोंद 56 त्याच्यावर. भांडण झालं की राज्यानं केंद्राकडं तक्रार करायची, केंद्रानं 1956 च्या कायद्याखाली लवाद नेमायचा. कलम 262 मुळं न्यायालयाला बाहेर ठेवता येतं. तरी कृष्णा लवादाचा 2010 चा निर्णय राजपत्रात प्रसिद्ध करायला सर्वोच्च न्यायालयानंच 2011 मध्ये मनाई केली. तुमचं म्हणणं पटलं, हे प्रकरण सहकाराच्या प्रकरणानंतर लगेच ठेवतो.

वकीलसाहेब, मुद्रितं आली की कलमांचे आकडे तपासायला एक रविवार द्याल का? मूळ घटना मी घेऊन येतो.