शिळाछापावर केवळ चित्रंच नव्हती

शिळाछाप, म्हणजे दगडावरून केलेली छपाई, म्हटलं की देवादिकांची रंगीत चित्रं, असं एकांनी लिहिलेलं वाचलं. ती लाट बरीच पुढची. चित्रकार राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ चा. त्याच्या साठ वर्षं आधी मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर मराठी मजकूर छापायला घेतला होता. १८३१ चं त्यांचं पंचांग हे छापील मराठी पंचांगांतलं पहिलं. चरबीच्या शाईला सोवळ्याचा विरोध होता, म्हणून त्यांनी तुपाची शाई केली असं सांगतात. पुढे त्यांनी खिळेही (छपाईची सुटी धातूची अक्षरं) पाडले आणि त्यांच्यामागे मुलगा कान्होबा यानं कारखाना चालवला.

शिळाछापात खिळे जुळवायचे नसतात. तेलकट शाईनं लिहिलेलं चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर उतरवायचं, दगड ओला करायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, अक्षरावर तेवढी बसते. म्हणजे कागदावर उमटतं ते लेखनिकाचं स्वतःचं वळण! आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी आजीची अशी एक आडवी पोथी आहे. शेवटच्या ओळीत जागा पुरेना म्हणून लेखनिकानं अक्षरं दाटीनं बसवलीत. तेवढी ओळ मी कितीदा तरी पाहत बसतो. खिळ्यांच्या छपाईत हा हात दिसत नाही, मग ती निर्णयसागर छापखान्याची का असेना, आणि तो काढणाऱ्या जावजी दादाजींच्या खिळ्यांइतकं देखणं देवनागरी मी क्वचितच पाहिलंय.

कोल्हापुरात कुणाच्या माळ्यावर अशा पोथ्या असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका. निदान करवीर नगर वाचन मंदिरात दाखवून तरी या.