कापसाचा भाव, अमेरिकेचा टॅरिफ अन् पोरीची पीएचडी : या संशोधनाचा आपल्याले काही उपयोग हाय का?

पऱ्हाटी_राळेगाव

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातला, सात एकर कोरडवाहू, पऱ्हाटी म्हणजे कपाशी अन् तूर. प्रश्न जरा वेगळा हाय पण मनातून जाऊनच नाही राह्यला म्हणून इथं टाकतो.

पोरगी अमरावतीले एमए करते, अर्थशास्त्र घेऊन. आता म्हणते बाबा मी पुढं पीएचडी करतो, व्यापार अन् सरकारी धोरण यावर. परवा वेचाई चालू होती, मी धुऱ्यावर गाठोडे बांधून राह्यलो होतो, ती तिथंच बसली अन् सांगाले लागली की २०२५ च्या ऑगस्टमधे सरकारनं बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, १९ तारखेपासून, पहिले म्हणे सप्टेंबरपर्यंत मंग वाढवून ३१ डिसेंबर केलं, अन् तिकडं २७ ऑगस्टपासून अमेरिकेचा आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ, म्हणजे तिकडचं आयात शुल्क, लागला, तं या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. कपड्यावाल्यायले तिकडं विकणं जड गेलं म्हणून इकडं त्याईले कच्चा माल स्वस्त करून देला, अन् बाहेरचा स्वस्त कापूस आला की आपल्या भावावर दाब येते. पाच मिनिटात समजलं मले. टीव्हीवर दोन महिने पाहून समजलं नव्हतं.

पण माझा चुलतभाऊ बाजूलेच होता, तो म्हणे समजून काय झालं? लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलले ८११० हाय, खेडा खरेदीवाला ६८०० च्या वर बोलत नाही, त्यातही ओल हाय म्हणून कापते. पोरगी डॉक्टर झाली म्हणून हे बदलनार हाय का? मले उत्तर देता आलं नाही. पाच वर्षं पैसे लावाचे म्हणजे आमच्यासाठी लहान गोष्ट नाही. ज्याईले या लाइनीचं माहीत हाय त्याईनं मनापासून सांगा.

धुऱ्यावरचा_मास्तर

दादा, पोरीला शिकू द्या, हे आधी सांगतो, आता कारण सांगतो. मी ज्युनिअर कॉलेजला शिकवतो, घरी चार एकर आहे.

तुमच्या चुलतभावाचा प्रश्न खरा आहे, पण कापसाचीच एक गोष्ट ऐका. २००२ साली ब्राझीलनं अमेरिकेविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, की तुम्ही तुमच्या कापूसवाल्यांना एवढं अनुदान देता की जगातला भाव पडतो अन् आमचा शेतकरी मरतो. आता हे तर आपल्याकडं पानठेल्यावरही कोणीही सांगेल, पण तिथं सांगून चालत नाही, दाखवावं लागते. म्हणून त्यांनी डॅनियल सम्नर नावाच्या अर्थतज्ञाकडून हिशेब करून घेतला, अन् हे सम्नर कोण तर कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक, अमेरिकनच. त्यांनी मांडलं की १९९९ ते २००२ या काळात ते अनुदान नसतं तर जागतिक भाव सरासरी १२.६ टक्क्यांनी जास्त राह्यला असता. त्यांच्याच देशातले कापूसवाले त्यांच्यावर चिडले, तरी त्यांनी आकडे मागं घेतले नाही. २००४ मधे निकाल ब्राझीलच्या बाजूनं, २००५ मधे अमेरिकेचं अपीलही मुख्य मुद्द्यांवर फेटाळलं. अमेरिकेनं ओढत ओढत नेलं, शेवटी २०१४ मधे ३० कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

१२.६ टक्के म्हणजे किती ते आपल्या भाषेत पाहा. भाव ७००० धरला तर क्विंटलमागं ८८० रुपये. हे मी फक्त अंदाज यावा म्हणून करून दाखवलं. वीस क्विंटल घरात आला तर साडेसतरा हजार, म्हणजे बियाणं अन् खताचा बराचसा खर्च.

दुसरी गोष्ट जी मला स्वतःला एमएला असताना वाचून हलवून गेली. मॅन्कर ऑल्सन म्हणून एक अभ्यासक होते, त्यांनी १९६५ मधे मांडलं की थोड्या लोकांचा मोठा फायदा असला की ते पटकन एकत्र येतात, अन् कोटी लोकांचं थोडं थोडं नुकसान असलं की कोणीच उठत नाही कारण प्रत्येकाला वाटते दुसरा जाईल. ब्राझीलच्या तक्रारीच्या काळात अमेरिकेत कापूस पिकवणारे पंचवीस हजाराच्या आसपास, अन् त्यांनी सगळं सरकार वाकवून ठेवलं. आपण किती लाख, अन् आपला भाव कोण ठरवते? मी इतकी वर्षं समजत होतो की आपल्याच लोकांत एकी नाही, आपलाच स्वभाव खराब. ते वाचल्यावर समजलं की हे सगळ्या जगात असंच होते अन् त्याला कारण आहे, अन् कारण असलं की त्यावर काही करताही येते. एवढ्यासाठी तरी मला ते शिक्षण मोलाचं वाटते.

वर्धेकर_७एकर

मास्तर सर तुमचा मान ठेवून बोलतो, पण ब्राझीलला सरकारनं वकील देले म्हणून तो हिशेब कामी आला. आपल्याकडं संशोधन कमी झालं का? शेतकरी आत्महत्येवर हायकोर्टानं सांगितल्यावर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं केलं, मंग इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेनं केलं, २००६ च्या सुरुवातीला तो अहवालही आला. कोरडवाहू कापूस, कर्ज, उत्पन्न परवडत नाही, सगळं लिहिलं. त्या वर्षी जुलैत पंतप्रधान आले, सहा जिल्ह्यायले ३७५० कोटीचं पॅकेज जाहीर झालं.

मंग २००८ ची कर्जमाफी आली अन् पूर्ण माफी कोणाले, तं दोन हेक्टरच्या आतल्याले. आमचं सात एकर म्हणजे २.८ हेक्टर. त्याच्या वरच्यायले २५ टक्के किंवा, आमच्यासारख्या जिल्ह्यात, २० हजार यातलं जे जास्त ते माफ, तेही बाकीचे भरले तेव्हाच. ज्याच्यापाशी बाकीचे भरायले हायेत तो थकला कायले असता? कॅनॉलखाली पाच एकरवाला ऊस लावते तो आत, अन् बरड जमिनीत सात एकर घेऊन बसलेला माझा बाप बाहेर. बँकेतून आल्यावर बाबा ओसरीत बसले, सातबारा मांडीवर, अन् आईले म्हणे आपण मोठे शेतकरी हाओत. ते वाक्य अजून कानात हाय. तं संशोधन करणाऱ्यायनं सांगितलं होतं इथली शेती वेगळी हाय, पण दोन हेक्टरची फुटपट्टी दिल्लीतून एकच आली. मले पोरीच्या शिक्षणाबद्दल काही म्हणायचं नाही, पण अहवाल लिहून झाला की पुढं तो कोणाच्या टेबलावर जाते हे पण शिकवा म्हणा कोणीतरी.

सरकी

वर्धेकर भाऊ, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. पण मी दुसऱ्या बाजूनं सांगते, मी दोन वर्षं पीक खर्चाच्या पाहणीचं काम केलं आहे, घरोघरी जाऊन वहीत नोंदी करायच्या, कोणत्या दिवशी डवरणी, किती बैलजोडी, किती मजूर, किती फवारे.

एका घरी मालकानं सगळं सांगितलं, वेचाईला बाहेरच्या सहा बाया, मजुरी इतकी. मी विचारलं घरचं कोणी? म्हणे कोणी नाही. अन् त्यांची आई तिथंच उंबऱ्यात बसून, हाताच्या बोटांना कापसाच्या नखांनी चिरा पडलेल्या. मी म्हटलं आजी तुम्ही वेचत नाही का? आजी म्हणे मी कुठं मजूर हाओ माय, मी तं घरची, सकाळी जातो अन् दुपारी भाकरीले येतो. रोजचे पाच तास, दीड महिना, हिशेबात शून्य. मी ते लिहून घेतलं.

हे सांगायचं कारण असं की हमीभाव ज्या खर्चावर निघतो त्यात घरची मजुरी धरतात, ती नोंद चुकली की भावच चुकतो. अन् भांडण नेमकं इथंच आहे, सरकार रोखीचा खर्च अधिक घरची मजुरी धरून त्याच्या दीडपट म्हणते, अन् शेतकरी म्हणतात जमिनीचं भाडं अन् भांडवलाचं व्याज पण धरा, ज्याला सी-टू म्हणतात. टीव्हीवर कोणी हे नीट सांगत नाही.

माझ्या वडिलांच्या सदऱ्यावर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला असायचा. शरद जोशी सांगायचे की शेतकऱ्याला सबसिडी नाही, उणे सबसिडी आहे, म्हणजे सरकार देते कमी अन् भाव पाडून नेते जास्त. तेव्हा लोक म्हणायचे हे भाषणातलं बोलणं आहे. २०१८ मधे पॅरिसची ओईसीडी अन् दिल्लीची इक्रिअर या दोन संस्थांचा अभ्यास आला, त्यात २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतातल्या शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार त्याच्या शेतीच्या एकूण मिळकतीच्या सरासरी उणे १४ टक्के निघाला. निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा, या सगळ्याचा परिणाम. बाबा तोवर नव्हते. मी ते पान काढून त्यांच्या फोटोमागं ठेवलं आहे.

गडचिरोली_धानोरा

आमच्याकडचं थोडक्यात सांगतो. मेंढा (लेखा) हे गाव माझ्या गावापासून जवळ आहे. तिथं लोकांनी स्वतःचे अभ्यास गट चालवले, कायदा वाचायचे, जंगलाच्या नोंदी ठेवायचे, अन् ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीनं ठरवायचे. २००९ मधे वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला, २०११ मधे बांबूच्या वाहतूक पासचं बुक ग्रामसभेच्या हातात आलं. त्याच २००९ मधे एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी आयुष्यभर हेच दाखवलं होतं की जंगल, पाणी हे गावाच्या हातात दिलं अन् नियम गावानं केले तर ते नासतंच असं नाही. आमच्या लोकांनी त्यांना वाचून हे केलं नाही, पण आता कोणी अधिकारी म्हटला की लोक जंगल तोडून खातील तर आम्ही दोन्ही गोष्टी समोर ठेवतो. वर्धेकर भाऊ, अहवाल टेबलावर पडून राहतो हे खरं, आमच्याकडं तो लोकांनीच उचलला म्हणून चालला.

पऱ्हाटी_राळेगाव

सगळ्यायचे आभार. रात्री पोरीले अन् चुलतभावाले दोघायले वाचून दाखवलं, वर्धेकर भाऊचं वाचताना तो चूप झाला, त्याचंही २००८ ले असंच झालं होतं, आजवर कधी बोलला नाही. सरकी ताईचं वाचून माझी आई म्हणते, मले काऊन नाही विचारलं कोणी. खरंच नाही विचारलं, मी पण नाही.

पोरीनं आजच नवी वही काढली. ताई एक सांगा, आई अन् घरची मंडळी वेचतात त्याचे तास लिहायचे का किलो? बाहेरच्या बायायले आम्ही किलोवर देतो, यंदा १० रुपये.

सरकी

दोन्ही लिहा दादा. तास वेगळ्या रकान्यात अन् किलो वेगळ्या, अन् रोजच्या रोज संध्याकाळी लिहा, आठवड्यानं आठवून लिहिलं की आईचेच तास पहिले विसरले जातात. पहिल्या वेचाईचं जेवढं आठवते तेवढं आजच लिहून ठेवा, फरदड, म्हणजे वेचाई झाल्यावर तीच पऱ्हाटी पुढं, ठेवणार असाल तर तिची पानं वेगळी करा.